नायट्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन बीम मिळत नाही, नुसती ठिणगी पडते

कृष्णाकाठ, सातारा
पल्स 150 केव्ही (किलोव्होल्ट), चढण, म्हणजे शिखराला पोचायचा वेळ, 4 नॅनोसेकंद. कॅथोड म्हणजे 0.1 मिमी स्टील पत्र्याची 6 मिमी व्यासाची नळी. गॅप 12 मिमी, नायट्रोजन गेजवर शून्य, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच दाब. अ‍ॅनोडला 50 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियम फॉईल, मागे बीम पकडणारा कलेक्टर, ऑसिलोस्कोप 500 मेगाहर्ट्झ. पसरट डिस्चार्ज (गॅपभर पसरलेली चमक) येत नाही. कलेक्टरवर बारीक सिग्नल आहे, पण फॉईलच्या जागी 1 मिमी पत्रा लावला तरी तेवढाच राहतो.

एचव्ही_सांगली
मग तो बीम नाहीच. 150 केव्हीचे इलेक्ट्रॉन 1 मिमी अ‍ॅल्युमिनियम पार करत नाहीत. ते कपॅसिटिव्ह पिकअप आहे, म्हणजे पल्सच्या फील्डमुळे कलेक्टरवर उमटलेला खोटा सिग्नल. कलेक्टरची अर्थ रिंग चहूबाजूंनी नीट टेकते का बघा.

खरं दुखणं चढणीत आहे. पल्स सावकाश चढला की गॅप कमी व्होल्टेजलाच फुटते. चढण अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत आणा, म्हणजे फुटण्याआधी व्होल्टेज बरंच वर जातं. नळीच्या कडेशी फील्ड इतकं वाढतं की काही इलेक्ट्रॉन टकरींत जेवढी ऊर्जा घालवतात त्याहून जास्त कमावतात आणि सुसाट सुटतात. पुढचा गॅस तेच आयनाइझ करतात, म्हणून डिस्चार्ज पसरट होतो. बीम आणि पसरट डिस्चार्ज दोन्ही एकदम गायब, त्याचं कारण हेच.

सिरीजमध्ये शार्पनिंग गॅप (पल्सची चढण आखूड करणारी ठिणगी-गॅप) टाका: नायट्रोजन 20 बार, अंतर 1.2 मिमी. डीसीवर ती साधारण 70 केव्हीला फुटेल, तुमच्या पल्सवर त्याच्या कितीतरी वर. पल्सच्या शिखराजवळ फुटेपर्यंत दाब वाढवा. फुटेनाशी झाली तर 2 बार उतरवा. बॉडी एसएस 304 ची, कुपवाड एमआयडीसीत टर्निंग करून मिळेल. गॅस भरण्याआधी पाण्याने 30 बारला टेस्ट कराच. अ‍ॅक्रिलिक अजिबात नको.

बीमलाइन
फॉईलही बदला. 50 मायक्रॉन साधारण 100 केइव्हीपर्यंतचे (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) इलेक्ट्रॉन गिळते, 10 मायक्रॉन फक्त 40 पर्यंतचे. पातळ फॉईलला मागून जाळीचा आधार द्या. बीम जेमतेम 0.1 नॅनोसेकंदाचा असतो. तुमच्या स्कोपची स्वतःचीच चढण 0.7, त्यामुळे शिखर बरंच बुटकं दिसणार. पिकअपची शंका राहिली तर फॉईल आणि कलेक्टरमध्ये चुंबक धरा: बीम वळेल, पिकअप तसाच राहील.

एचव्ही_सांगली
आणखी एक, साताऱ्यात गेजवर शून्य म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट (निर्वातापासून मोजलेला) सुमारे 0.93 बार. नोंद अ‍ॅब्सोल्यूटमध्येच ठेवा. बीम सुरू झाला की एक्स-रे येतात, डायोडभोवती, म्हणजे या कॅथोड आणि गॅपच्या भागाभोवती, 2 मिमी शिसं आधीच लावा.