मदत हवी आहे: खाजनात मातीचा भराव चालू आहे, तक्रार नेमकी कुठे करायची?

नमस्कार मंडळी, आमचं गाव गोव्यात, तिसवाडी तालुक्यात, मांडवी नदीच्या काठचं. गावच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, गेले पंधरा दिवस रात्रीचे ट्रक येऊन माती टाकतायत, आणि मानशीची (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) फळी मोडलीय ती कोण दुरुस्तच करत नाही, त्यामुळे भरतीचं खारं पाणी थेट शेतात घुसतंय. माझे बाबा तिथे कोरगुट (खाऱ्या जमिनीत येणारं भात) लावायचे, आता नुसती खारफुटी वाढतेय. एका कार्यालयात गेलो तर त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथून परत पंचायतीत.

मी वाचलंय ते असं की नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे सखल जमिनीत परवानगीशिवाय भराव टाकता येत नाही, शिवाय २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांत विकासकामांना मनाई आहे. मग पहिला अर्ज नगर नियोजन खात्याकडे द्यायचा की किनारी विभाग प्राधिकरणाकडे? का दोन्हीकडे एकदमच? मानशीचं काम कुळांच्या संघाचं असतं म्हणतात, पण आमचा संघ नावालाच उरलाय, तो परत उभा करायला मामलेदाराकडे काय काय कागद लागतात?

पुण्याच्या हरित लवादाकडे कोण गेलंय का, तिथे अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत असते म्हणून घाई आहे. फोटो तारखेसकट काढून ठेवलेत. प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा, पाऊस लागायच्या आधी काहीतरी करायलाच हवं.