पोटचं नव्हे, पण आपलं: चालतं-बोलतं लेकरू दत्तक आलं तेव्हाचे पहिले महिने

शेवंती_धरमपेठ

आज माळा आवरताना नंदी सापडला. तान्ह्या पोळ्याचा, लाकडी, वीतभर. एक चाक गायब, शिंगांना बेगड तशीच चिकटलेली. लेक शाळेत गेलीय. मी शिडीवरच बसून राहिले. तुमच्याकडेही असं चालतं-बोलतं लेकरू आलं असेल, परदेशातून, परराज्यातून, कुठूनही, तर ते पहिले महिने इथे लिहा.

आमची २०१९ च्या जुलैत आली, ओडिशातून. सव्वादोन वर्षांची. दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर फोटो आला की ४८ तासांत कळवायचं असतं, आम्ही दहा मिनिटांत हो म्हटलं. झारसुगुड्याहून गीतांजली एक्सप्रेसने नागपूरला आणली. अख्ख्या प्रवासात एकदाही रडली नाही. समोरच्या बर्थवरच्या काकू म्हणाल्या, किती शहाणी पोरगी हो! मलाही बरं वाटलं तेव्हा. आता आठवलं की पोटात तुटतं. शहाणी कसली, थिजून गेली होती ती.

घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून 'भोको, भोको' सुरू झालं. हळू आवाजात, स्वयंपाकघराकडे बोट करून. सासूबाई म्हणाल्या, भोक म्हणते बापा, उंदराचं बीळ पाहिलं असंल. यांनी टॉर्च घेऊन ओट्याखालचा कोपरान् कोपरा पाहिला. मोरीची जाळी बदलली. तिचं आपलं भोको. तिसऱ्या दिवशी तिकडे संस्थेत तिला सांभाळणाऱ्या माउशींना फोन लावला आणि हिंदीत विचारलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "दीदी, उसको भूख लगी है."

ताट तर आम्ही रोज भरून ठेवत होतो. पण तिकडे संध्याकाळी सहाला जेवण व्हायचं आणि आमच्याकडे साडेनऊला. पोळी तिने कधी पाहिलीच नसावी. माउशींनी पखाळ सांगितलं: रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी मीठ घालून द्यायचं. पहिल्यांदा वाटी चाटूनपुसून साफ झाली. सासूबाई त्यानंतर वर्षभर रोज रात्री मूठभर तांदूळ जास्त घ्यायच्या.

त्या फोनवर माउशींचा आवाज ऐकून ती पहिल्यांदा रडली. तासभर. मी घाबरून फोन बंद केला. रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी परत लावला. मग दर रविवारी लावत गेले. लोक म्हणायचे, जुनं विसरू दे तिला. विसरायला ती काय सामान होती का?

आणि तान्हा पोळा. मैदानात डफ, सगळी पोरं नंदी ओढताहेत, ही नंदी उराशी धरून उभी. एका अनोळखी बाईंनी बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, देत हात पुढे केले तर ही त्यांच्या कडेवर चढली. त्या चालायला लागल्या, हिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगळे कौतुकाने म्हणाले, कोणाकडेही जाते गं! मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. महिनाभरानंतरही मी तिच्यासाठी आणखी एक माउशीच होते.

महालची_मृणाल

अगं बाई. भोको. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की येते. माझ्याकडे खूप आहे लिहायला.

अभिजित_त्रिमूर्तीनगर

बाबांच्या बाजूने लिहितो. आमचा दीड वर्षाचा होता, छत्तीसगडहून आला. मला पाहिलं की किंचाळायचा. तिथे सांभाळायला सगळ्या बायका, पुरुष म्हणजे फक्त सुई टोचणारा डॉक्टर. दाढी काढली, फरक नाही. मग घरात उभं राहून फिरणंच बंद केलं, बसूनच सरकायचो. नोव्हेंबर होता, संत्री आलेली. रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून बसायचो, एक संत्रं सोलायचं, बिया काढायच्या, फोडी मागे बशीत ठेवायच्या. वळून पाहायचं नाही. पहिले काही दिवस फोडी तशाच. मग एकेक कमी व्हायला लागली. एक दिवस बशी रिकामी झाली आणि पाठीला काहीतरी गरम टेकलं. त्याचं डोकं. मी हललो नाही, पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी.

काटोलवाली

अभिजितदादा 😭 आंबिया बहाराची संत्री असतील ती. मृगाची याहून गोड, फेब्रुवारीत काटोलला या त्याला घेऊन, आमच्याच बागेत.

अभिजित_त्रिमूर्तीनगर

येतो नक्की. आता एका बैठकीत अर्धा डझन संपवतो पठ्ठ्या.

कल्याणी_र

रजेचं कोणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ची दुरुस्ती आली, २६ आठवडे झाले म्हणून सगळे खूश. दत्तक आईला तेव्हा १२ आठवडेच मिळायचे, आणि तेही बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता हिशोब करा. टाकून दिलेलं बाळ दत्तकासाठी मोकळं जाहीर व्हायलाच दोन महिने, दोन वर्षांवरचं असेल तर चार. त्यानंतर फोटो, कागद, प्रवास. तीन महिन्यांच्या आत घरी यायचं कसं? माझी अडीच वर्षांची आली. ऑफिसात विचारलं, मॅडम ती चालते-बोलते नं, मग रजा कशाला? बिनपगारी ४५ दिवस घेतले. सेहेचाळिसाव्या दिवशी मी बूट घातले आणि तिने शांतपणे स्वतःचे कपडे पिशवीत भरायला सुरुवात केली. तिला वाटलं आता तिलाही निघायचंय. त्या दिवशी मी गेले नाही. पुढे सहा महिने अर्ध्या पगारावर अर्धा दिवस केलं. ज्या लेकराला कळतंय, त्यालाच आई जास्त वेळ जवळ लागते हो.

मनीषनगर_वर्षा

कल्याणीताई, पिशवीचं वाचून ऑफिसच्या बाथरूममध्ये येऊन रडतेय. आमची दत्तकाआधीची गृहभेट पुढच्या आठवड्यात आहे. समाजसेविका काय काय बघतात? घर फार लहान आहे आमचं.

महालची_मृणाल

आले. वर्षा, नुसता घराचा आकार नाही गं बघत, तुम्ही दोघं एकमेकांशी कसे बोलता ते बघतात. सासरच्यांशीही बोलतील, त्यांना आधी सांगून ठेव.

माझं उशीखालचं. आमची तीन वर्षांची होती. अंथरूण झटकलं की पोळीचे तुकडे, बिस्किटं, एकदा अख्खी सांबारवडी (कोथिंबिरीची) फ्रॉकच्या खिशात आणि मुंग्यांची रांग. मी पहिल्यांदा रागावले. तिने अंग चोरलं ना, ते मला आजही दिसतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, चोरी नाही ही, उद्याची सोय आहे. तिला स्वतःचा डबा द्या. मग झाकणाचा एक डबा, तिच्या उशाशी, मुरमुरे-फुटाणे भरलेला, कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही. रात्री उठून झाकण उघडायची, बघायची, लावायची, झोपायची. खायची नाहीच. तीन-चार महिन्यांनी बघणं थांबलं. डबा अजून आहे, आता खोडरबर असतात त्यात.

प्राजक्ता_डलासहून

इकडे पहाट आहे, पटकन लिहिते. आमचा इथिओपियातून आला, २०१० मध्ये, वीस महिन्यांचा. (२०१८ मध्ये त्यांनी परदेशी दत्तक कायद्यानेच बंद केलं.) माझी चूक आधी सांगते. तो येऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि मी त्याला नागपूरला घेऊन आले, आईबाबांना कधी दाखवते असं झालेलं. मे महिना, कूलरचा आवाज, घरात बावीस माणसं. नुकतं कुठे आमचं घर त्याला ओळखीचं होत होतं आणि मी परत विमानात बसवलं. त्याला वाटलं असणार, पुन्हा बदलणार सगळं. माझी ओढणी मुठीत धरून झोपायचा, झोपेतही मूठ सुटायची नाही. लोक विचारल्याशिवाय त्याच्या केसांना हात लावायचे. शेवटी बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याला सांगायचे, मुलगा झोपला आहे.

तो 'वुहा, वुहा' करायचा. अम्हारिकमध्ये वुहा म्हणजे पाणी, हे मी आईला सांगायलाच विसरले होते. पण आईने माठापाशी बोट दाखवताना पाहून दोन मिनिटांत ओळखलं. काही खात नव्हता. एक दिवस आईने आंबवलेल्या पिठाची आंबोळी केली. वास घेतला आणि दोन्ही हातांनी तोडून खाल्ली. त्यांचा इंजेरा तसाच असतो, तेफच्या पिठाचा, आंबट, जाळीदार. आई अजून फोनवर आधी विचारते, माझ्या वुहाने आंबोळी खाल्ली का?

खामल्याची_आजी

मी आजी आहो. नातीच्या फोनवर टाइप करून राहिली, चुकलं तर समजून घ्या. पोरगं घरी आलं तवा मी आठ दिवस देवघरातून बाहेर नाही आली. कोनाचं, कोन्या जातीचं, हेच डोक्यात. सुनेनं एका शब्दानं नाही टोकलं. नवव्या दिवशी ते तुरुतुरु चालत आलं, मांडीवर बसलं न घंटी वाजवू लागलं. काय करता मंग. त्या आठ दिवसांची मले आजबी लाज वाटते. सुनेले कधी बोलली नाही, आज ती वाचन.

काटोलवाली

आजी 🙏🙏

महालची_मृणाल

शेवंती, नंदीचं चाक चितारओळीत, मूर्तिकारांकडे विचारून बघ. चाक नाही तर रंग तरी देतील.

मनीषनगर_वर्षा

नाव बदललंत का तुम्ही? आमच्याकडे आत्तापासून वाद सुरू आहे.

शेवंती_धरमपेठ

नाही बदललं वर्षा. तिकडून सोबत आलेलं तेवढंच होतं, ते कसं काढून घेणार? सासूबाईंनी लाडाचं वेगळं ठेवलंय, ते दोघींतच.

सगळ्यांचं वाचलं. अभिजित, तुमची बशी यांना वाचून दाखवली, ते उठून गच्चीत गेले.

माउशीची मी आई कधी झाले ते राहिलंच सांगायचं. संक्रांतीच्या आधी तीळ आणायला बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात गेले होते. सासूबाईंचा फोन आला, मागे भोकाड पसरल्याचा आवाज. म्हणाल्या, ये लवकर, दारात आडवी पडून रडते, कोणाकडेच येईना. मी तीळ दुकानात विसरून ऑटोत बसले. कोणाकडेच येईना! मी ऑटोवाल्या दादांना सांगितलं, माझी मुलगी माझ्यासाठी रडून राहिली. त्यांनी काही न विचारता झाशी राणी चौकातून जोरात काढली.

चला, येईल आता शाळेतून. नंदी पुसून टेबलावर ठेवलाय. भात टाकते, तिला अजूनही बरोबर सहाला भोको होतं.