बहिणाबाईंची कविता, नेटवरचं म्युझिक, ओपन मॅप... एकाच व्हिडिओत टाकलं तर चालेल का?

अमळनेरचा_पोऱ्या:
रामराम मंडळी. तापीकाठच्या केळीवर व्हिडिओ करतोय. त्यात बहिणाबाईंची कविता बहीण म्हणणारे, मागे बासरीचं म्युझिक एका साइटवरून घेतलंय त्यावर सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स, अटी पाळून वापरू देणारं लायसन्स) बाय-एनसी लिहिलंय, केळीच्या बागेचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवरचे सीसी बाय-एसए, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेला नेटवरचा नकाशा), आणि गल्लीतल्या आज्यांनी कानबाईची (आपल्या खानदेशातली देवी) गाणी म्हटली ती मी फोनवर रेकॉर्ड केलीत. चॅनलला जाहिराती चालू आहेत. मित्र म्हणतो खाली क्रेडिट टाक, झालं काम. खरंच झालं का?

तापीकाठ:
नाही झालं भाऊ. क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, ज्या लायसन्सची अट फक्त क्रेडिटची आहे तिथंच ते पुरतं. तुझ्या व्हिडिओत पाच वेगळ्या वस्तू आहेत, प्रत्येकीचा हिशोब वेगळा.

कविता आधी घे. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. बहिणाबाई १९५१ ला गेल्या, पण संग्रह आला १९५२ ला, आणि लेखकाच्या मागे छापलेल्या साहित्याची ६० वर्षं पहिल्या प्रकाशनावरून मोजतात. म्हणजे २०१२ संपलं तेव्हा संग्रहातल्या कविता मोकळ्या झाल्या. बहिणीला खुशाल म्हणू दे. पण त्याच पुस्तकातली अत्र्यांची प्रस्तावना वाचून दाखवायची असेल तर थांब, अत्रे १९६९ ला गेले, ती २०२९ संपेपर्यंत मोकळी नाही. आणि चाल! कविता मोकळी म्हणून एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल मोकळी होत नाही, तिचा हक्क त्याचा. बहिणीने स्वतःच्या चालीत म्हटलं की प्रश्नच मिटला.

म्युझिक मात्र काढ. एनसी म्हणजे धंद्यासाठी वापर नको, आणि तुझ्या जाहिराती चालू आहेत.

धुळेकर_ताई:
म्युझिकचं अजून एक आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. सीसीच्या ४.० लायसन्समध्ये गाणं हलत्या चित्रासोबत जुळवून लावलं की ते रूपांतर धरतात, तुम्ही गाण्याचा एक सूर बदलला नसला तरी. म्हणून एनडी (बदललेलं रूप वाटायचं नाही) वालं म्युझिक व्हिडिओत चालतच नाही, आणि एसए वालं घेतलं तर तुमचा अख्खा व्हिडिओ त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. एनसी-एसए आणि साधं एसए असे दोन तुकडे मिसळून नवीन चीज करायची तर तेही जमत नाही, कारण दोघंही म्हणतात माझंच लायसन्स लावा. तुमच्यासाठी सीसी बाय (फक्त क्रेडिटची अट) किंवा सीसी झिरो (कसलीच अट नाही) शोधा. फोटो जसेच्या तसे दाखवणार असाल तर फोटोग्राफरचं नाव, लायसन्सचं नाव आणि लिंक द्या. फोटोवर फोटो चढवून नवीन चित्र केलंत तर मात्र ते चित्र बाय-एसए खालीच द्यावं लागेल.

आणि दादा, त्या आज्यांना विचारलंत का? मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. कानबाईची गाणी परंपरेची आहेत, कोणा एकाच्या मालकीची नाहीत, पण ज्या बाईने ती म्हटली तिला कायद्याने कलाकाराचा हक्क आहे, तो ५० वर्षं चालतो. रेकॉर्डिंग तुमचं, आवाज त्यांचा. अहिराणीत समजावून सांगा की हे नेटवर जाईल, जाहिरातीचे पैसे येऊ शकतात, आणि त्यांचं हो लिहून घ्या. रेकॉर्डिंग सीसीखाली सोडणार असाल तर तेही आधीच सांगा, एकदा दिलेलं लायसन्स परत घेता येत नाही.

अमळनेरचा_पोऱ्या:
ताई, आज्यांकडे उद्याच जातो. मग नकाशाचं कसं? त्यावर मी सरकारी ओपन डेटा साइटवरचे पावसाचे आकडे टाकलेत.

तापीकाठ:
नकाशाच्या चित्राखाली "ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स" आणि त्यांच्या कॉपीराइट पानाची लिंक दे, चित्रासाठी तेवढं बास. पण त्यांच्या डेटात स्वतःच्या विहिरींच्या नोंदी मिसळून ती फाइल लोकांना वाटलीस तर ती फाइल त्यांच्याच ओडीबीएल लायसन्सखाली द्यावी लागते, तिथं भलेभले अडकतात. पावसाच्या आकड्यांना २०१७ चं सरकारी ओपन डेटा लायसन्स आहे का ते त्या डेटासेटच्या पानावर बघ, असेल तर स्रोत लिहून धंद्यासाठीही वापरता येतं. नुसत्या आकड्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो, निवडून मांडलेल्या तक्त्यावर असू शकतो, त्यामुळे कोणाचा तयार चार्ट न उचलता आकडे घेऊन आपला आलेख आपण काढ.

धुळेकर_ताई:
आणि म्युझिक डाउनलोड करता त्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढे साइटवाल्याने लायसन्स बदललं तर तुमच्याकडे पुरावा राहतो. मस्त काम करी ऱ्हायना भाऊ, व्हिडिओ झाला की लिंक इथंच टाका.