मलपृष्ठावरची ती एक ओळ: चॅरिटीचं पुस्तक घ्यायचं की थेट देणगी द्यायची?

पानखुणा (धागाकर्ती)

हॅरी पॉटरवाल्यांना दोन टोमणे ठरलेले. एक, ‘अजून त्यातच अडकलात?’ आणि दोन, ‘एवढे पैसे गरिबांना दिले असतेत तर!’ हा धागा दुसऱ्या टोमण्यापुरता.

मार्च २००१ मध्ये हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी दोन बारकी पुस्तकं काढली. एक जादुई प्राण्यांवरचं, दुसरं क्विडिच या उडत्या झाडूंवरच्या खेळाचं, जणू हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेच्या ग्रंथालयातूनच उचलून आणलेली. ब्रिटनमध्ये किंमत अडीच पौंड, आणि शेजारी जादूगारांच्या चलनातली किंमतही छापलेली: १४ सिकल, ३ कनट. पुस्तकं निघाली कॉमिक रिलीफ या ब्रिटिश मदतनिधीसाठी आणि छापील किमतीतले ८० टक्क्यांहून जास्त पैसे निधीला गेले. बाईंनी मानधन सोडलं एवढ्यावर हे जमलेलं नाही. प्रकाशक, छापखाना, कागदवाले, दुकानदार अशा साखळीतल्या सगळ्यांनी आपापला वाटा सोडला किंवा कमी घेतला. दोन्ही पुस्तकांनी मिळून दीड कोटी पौंडांच्या वर रक्कम उभी केली.

चाहता हे पुस्तक घेणारच असतो. तो पैसा देणगीच्या पाकिटातून निघत नाही, मौजेच्या पाकिटातून निघतो. मग त्यातले दोन पौंड कुणा पोराच्या लसीला लागले तर बिघडलं कुठे? चॅरिटी आवृत्ती निघाली की ती घ्यावी, असं माझं सरळ मत.

रोख_हिशेब

असहमत. तुम्ही सगळ्यात देखणं उदाहरण पुढे ठेवलंत. ८०% हा अपवाद आहे.

पाचशे रुपयांचं साधं पेपरबॅक घ्या. वितरक आणि दुकानदार मिळून ४० ते ५०% घेतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास गेले. कागद, छपाई, बांधणी, वाहतूक यात शंभरेक. लेखकाचं मानधन ७.५ ते १०%, म्हणजे ३७ ते ५० रुपये. उरलेल्यात प्रकाशकाचं संपादन, जाहिरात, पगार आणि नफा. ‘लेखक आपलं मानधन दान करणार’ असं वाचून पुस्तक घेतलंत तर पाचशेतले फार तर पन्नास पोचतात. करारात मानधन छापील किमतीवर नसून प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर असेल, तर सत्तावीस-अठ्ठावीसच.

त्याच लेखिकेचं २०२० चं ‘द इकाबॉग’ बघा. आधी इंटरनेटवर फुकट, मग नोव्हेंबरात छापील. दान कशाचं? लेखिकेच्या मानधनाचं, कोविडची झळ बसलेल्यांसाठी, त्यांच्याच व्होलांट ट्रस्टमार्फत. चांगलंच काम आहे, नाही कोण म्हणतं! पण २००१ च्या पुस्तकाशी त्याची तुलना होत नाही, आणि चाहते दोन्हीला सरसकट ‘चॅरिटीचं पुस्तक’ म्हणतात. पाचशे द्यायचेच असतील तर संस्थेला पाचशे द्या.

पानखुणा

@रोख_हिशेब, आकडेमोड मान्य, निष्कर्ष नाही. पाचशेची देणगी देणारा आणि पाचशेचं पुस्तक घेणारा एकच माणूस आहे असं तुम्ही धरून चाललात. बहुतेकदा तो नसतो. पुस्तक निघालं नसतं तर संस्थेला त्याच्याकडून पन्नासही गेले नसते.

पण दान किती आणि कशाचं ते सांगणारी मलपृष्ठावरची ओळ वाचून पुस्तक घ्यावं, हे बरोबर. मधला एक प्रकार तुम्ही वगळलात. डिसेंबर २००८ मधलं रोलिंगबाईंचंच बीडलच्या गोष्टींचं पुस्तक (जादूगारांच्या पोरांच्या परीकथा). त्यात प्रकाशकांनी ‘निव्वळ उत्पन्न’ दिलं.

शाईचे_डाग

‘निव्वळ उत्पन्न’ हा सगळ्यात निसरडा शब्द. (त्या एका पुस्तकाबद्दल नाही म्हणत, एकूण बोलतोय.) निव्वळ म्हणजे खर्च वजा जाता, आणि खर्चात काय धरायचं ते प्रकाशक ठरवतो. शिवाय दुकानांतून न खपलेल्या प्रती सहा-आठ महिन्यांनी परत येतात आणि हिशेबातून वजा होतात, म्हणून पहिल्या तिमाहीत जाहीर झालेला आकडा वर्षाअखेर खाली आलेला दिसू शकतो. मलपृष्ठावर हे शोधा: टक्का कशावर (छापील किंमत, प्रकाशकाची प्राप्ती की मानधन), कुठल्या संस्थेला, कुठल्या तारखेपर्यंत. ‘उत्पन्नाचा काही भाग सामाजिक कार्यास’ एवढंच असेल तर ती जाहिरात समजा.

आवृत्तीगणिक ओळ बदलते, हेही लक्षात ठेवा. प्राण्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर कॉमिक रिलीफच्या जोडीला लुमोस या मुलांसाठीच्या संस्थेचं नाव आलंय. म्हणजे २००१ ची टक्केवारी आजच्या प्रतीला लावू नका, हातातली प्रत उलटून बघा.

अवांतर: सिग्नलवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिळते ती प्रत तर विचारूच नका. कागद इतका पातळ की मागच्या पानाच्या ओळी पुढे दिसतात, कापणी तिरकी, मुखपृष्ठावरची सोनेरी अक्षरं पिवळट आणि फुगलेली. मजा अशी की चोरटा छापणारा अख्खं मुखपृष्ठ स्कॅन करतो, त्यामुळे मागे चॅरिटीची ओळही जशीच्या तशी येते! पोचतो शून्य रुपया. फ्लोरा फाउंटनला जुनी अस्सल प्रत घेतलीत तरी दान पहिल्या खरेदीलाच झालेलं असतं. ती खुशाल घ्या, फक्त पुण्य मोजू नका.

उंबरठा

तुम्ही सगळे किती पैसे पोचले यावर भांडताय. कुठे पोचले ते कुणी बोलेना.

बीडलची गोष्ट पुस्तकाआधीची आहे. रोलिंगबाईंनी हाताने लिहून, चित्रं काढून सात प्रती केल्या, चामड्याची बांधणी, वर चांदी आणि रत्नं. सहा प्रती जवळच्यांना दिल्या. सातवी १३ डिसेंबर २००७ ला लंडनला सदबीजमध्ये लिलावात गेली. अंदाज होता ५० हजार पौंडांचा, गेली साडेएकोणीस लाखांना आणि घेतली ॲमेझॉनने. ते पैसे मुलांसाठीच्या ज्या कामाला गेले, तेच आजचं लुमोस. संस्था २००५ ची, हे नाव २०१० पासून.

लुमोस अनाथाश्रमांना पैसे देत नाही. मुलांनी संस्थांत राहूच नये, घरी किंवा घरासारख्या ठिकाणी वाढावं, यासाठी ते काम आहे. संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. मूल तिथे पोचतं ते गरिबीमुळे, अपंगत्वामुळे किंवा गावात शाळा नाही म्हणून. आणि आपल्याकडचे चाहते काय करतात? आवडत्या लेखकाच्या नाहीतर नटाच्या वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन जातात. म्हणजे रोलिंगबाईंच्या नावाने जायचं आणि करायचं त्यांच्या कामाच्या नेमकं उलट.

त्यात फोटो. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहऱ्यावर इमोजी चिकटवून भागत नाही, मागे संस्थेची पाटी आणि अंगावर शाळेचा गणवेश असला की ओळख पटते. केकवाल्या पोस्टींतल्या किती जणांना हे ठाऊक असतं?

पानखुणा

@उंबरठाताई, मुद्दा लागला. मग चाहत्यांच्या गटाने करावं काय? ‘काहीच करू नका’ हे उत्तर चालणार नाही.

उंबरठा

मूल घरात राहील यासाठी करा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व महिना ४,००० चं आहे. बालकल्याण समितीचा आदेश लागतो, आणि गाडी अडते ती कागदांवर: उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पालकाचा मृत्यूदाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक खातं. एकट्या आईची दाखल्यासाठी दोनदा रोजी बुडते, तिसऱ्यांदा ती जातच नाही. दहा जणांच्या गटाने तालुक्यात अशा पाच घरांचे कागद जरी पुरे करून दिले, तरी पाच मुलांचे महिन्याला सव्वाअकरा हजार सुरू होतात. केक हजाराचा असतो, आणि संध्याकाळपर्यंत संपतो.

रोख_हिशेब

+१. आणि बघा, यात पुस्तक विकत घ्यावं लागलं नाही.

घुबडटपाल

पण गट पुस्तकामुळेच जमला ना! @रोख_हिशेब, हाच भाग तुमच्या हिशेबात बसत नाही.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. हॅरी पॉटर अलायन्स ही चाहत्यांची अमेरिकन संघटना, २००५ ची. त्यांनी इतर फँडमना (चाहत्यांच्या गटांना) हाताशी धरून दोन आठवड्यांत १,२३,००० डॉलर जमवले, तेही छोट्या छोट्या देणग्यांतून. पैसे स्वतः वाटत बसले नाहीत, पार्टनर्स इन हेल्थ या तिथे आधीपासून दवाखाने चालवणाऱ्या संस्थेला दिले. औषधांची पाच मालवाहू विमानं गेली, त्यांतल्या चारांची नावं हॅरी, रॉन, हर्मायनी आणि डंबलडोर. नावांवर हसा हवं तर. पण विमानाला नाव मिळणार म्हटल्यावर पाच डॉलर निघतात, ते नुसत्या ‘हैती मदतनिधी’ला निघत नाहीत.

दुसरं उदाहरण पैशाचं नाहीच. चॉकलेट फ्रॉग ही मालिकेतली मिठाई ज्या कोकोपासून बनते, त्यात बालमजुरी नाही कशावरून, असा प्रश्न याच संघटनेने चित्रपटवाल्या वॉर्नर ब्रदर्सला विचारला आणि चार वर्षं विचारत राहिले. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने मान्य केलं की वर्षाअखेर हॅरी पॉटरचं सगळं चॉकलेट फेअर ट्रेड किंवा यूटीझेड (रास्त पद्धतीने पिकवल्याची प्रमाणपत्रं) प्रमाणित असेल. हे देणगीने झालं नसतं. गिऱ्हाईक म्हणून त्यांचं वजन होतं, म्हणून झालं.

रोख_हिशेब

विमानांचं मान्य, तिथे कामाची संस्था आधीच उभी होती. पण मग नटनट्यांच्या उठाठेवींचं काय? नोव्हेंबर २०१६ मध्ये एमा वॉटसनने (चित्रपटांतली हर्मायनी) लंडनच्या भुयारी रेल्वेत शंभर पुस्तकं ठेवली, जगभर फोटो झळकले. शंभर! एवढी तर तालुक्याच्या वाचनालयात एका देणगीत येतात.

घुबडटपाल

तेच नाव घेतलंत तर दुसरंही घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिने ब्रिटनमधल्या लैंगिक छळाविरुद्धच्या निधीला दहा लाख पौंड दिले. फोटो पुस्तकांचे गाजले, यात तिचा काय दोष?

कडुलिंब

पुस्तकवाटपाचा विषय निघालाच आहे तर थोडं कामाचं. उत्साहाने खोकी भरणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका:

पेपरबॅक साधारण ३०० ग्रॅम धरा. फळांच्या खोक्यात चाळीस पुस्तकं म्हणजे बारा किलो, दुसऱ्या चढउतारात बूड फाटतं. पाच-पाच किलोंची बांधा, पंधरा-सोळा पुस्तकं बसतात. जून ते सप्टेंबर पाठवूच नका. ओल लागलेलं एक पुस्तक शेजारची दहा खराब करतं.

फँटसीची मालिका तुटक दिली तर न दिल्यासारखी. पहिला, तिसरा, सहावा भाग असं येतं, आणि दुसरा नसला की वाचणारं पोर तिथेच थांबतं. आधी संच पुरे करा, पहिल्या भागाच्या तीन प्रती ठेवा, कारण तोच सगळ्यात जास्त फिरतो आणि हरवतो. मराठी शाळेला जाडजूड इंग्रजी संच देऊन आपलं कपाट रिकामं करू नका. मंजुळ प्रकाशनाने मालिका मराठीत आणली आहे, ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून सुरू करा. (‘परीस’ हा शब्द आयताच हाताशी होता, इंग्रजीत त्याला दोन शब्द लागतात.)

आणि सगळ्यात मोठी अडचण कुलपाची. पुस्तकं शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (कायम सामानाच्या नोंदवहीला) चढली की हरवलेल्याचा जाब गुरुजींना द्यावा लागतो, म्हणून कपाट बंद राहतं. देणगीपत्रात स्पष्ट लिहा की ही पुस्तकं वापरासाठी आहेत, फाटली-हरवली तर वसुली नाही. मुख्याध्यापकांची सही घ्या, प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

सातासमुद्रा

परदेशातून वर्गणी काढणाऱ्यांसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. ओसीआय कार्डवाल्याची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाची) मात्र परकीय ठरते, आणि ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावर येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणून ‘मोठ्या संस्थेला देऊ, ती गावच्या संस्थेला देईल’ हा मार्ग बंद आहे. एकाच गटात दोन्ही प्रकारचे लोक असतील तर वर्गणी एका खात्यात कालवू नका.

इथल्यांसाठी ८०जी (देणगीवरची आयकर सवलत): रोखीने दोन हजारांच्या वर दिलेल्याला सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी मुळातच लागू नाही.

शाईचे_डाग

एक राहिलंच. २०२० नंतर ट्रान्स व्यक्तींबद्दलच्या लेखिकेच्या भूमिकेवरून अनेक चाहते दुरावले. वर ज्या अलायन्सचा उल्लेख आहे, तिनेही २०२१ मध्ये नाव बदलून फँडम फॉरवर्ड केलं. तेव्हा @पानखुणा, ‘चॅरिटी आवृत्ती निघाली की घ्यावी’ हे सरसकट सगळ्यांना लागू होणार नाही. दान कुठे जातं याइतकंच ते कोण ठरवतं हेही काहींना महत्त्वाचं वाटतं.

पानखुणा

ठीक, ‘सरसकट’ मागे घेते. ‘ओळ वाचून घ्यावी’ असं करते. बाकी मौजेच्या पाकिटाचा मुद्दा कुणी खोडलेला नाही, तो तसाच उभा आहे.

@कडुलिंब, मराठी संचाचे सातही भाग सध्या एकत्र मिळतात का? अप्पा बळवंत चौकात मधला एखादा भाग नेहमी संपलेला असतो म्हणे.

कडुलिंब

एकगठ्ठा मागणी नोंदवा, सुटे भाग शोधत फिरू नका. आणि बिल शाळेच्या नावाने घ्या.