'भीड' आणि 'संकोच' यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न (ऐरोली) :
ठाण्याहून लोकलने घरी येताना माझी मुलगी म्हणाली, "आज खूप भीड होती, म्हणून बसायला मागायची भीड वाटली." एकाच वाक्यात हा शब्द दोन अर्थांनी आला आणि मी विचारात पडले. यांतला मराठी अर्थ कोणता? आणि 'संकोच' हा शब्द असताना 'भीड' वेगळी का लागते?

उत्तर (नौपाडा, ठाणे) :
पहिल्या ठिकाणी 'गर्दी' म्हणावे. त्या अर्थाची 'भीड' आपल्या फलाटांवर हिंदीतून रुळली आहे. दुसरी 'भीड' मात्र अस्सल मराठी वापरातली आहे आणि तिच्यावर अधिक बोलायला हवे.

संकोच ज्याचा त्याला वाटतो. भीडेला दुसरे माणूस लागते. 'मला त्यांची भीड वाटते' असे आपण सहज म्हणतो, पण 'मला त्यांचा संकोच वाटतो' हे थोडे अडखळते. शिवाय भीड दोन्ही बाजूंनी काम करते. मागणाऱ्याला भीड वाटते आणि ज्याच्याकडे मागितले त्याला भीड मोडवत नाही. सोसायटीतले ज्येष्ठ गृहस्थ वर्गणीची वही घेऊन दारात उभे राहिले की पटत नसतानाही आपण आकडा लिहितो. तेव्हा आपल्याला संकोच वाटलेला नसतो, त्यांची भीड पडलेली असते.

याचे उत्तम उदाहरण मराठीबाहेर सापडते. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी १९७०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवले आणि कोणतेही कारण न देता अनोळखी प्रवाशांकडे त्यांची बसायची जागा मागायला सांगितले. सुमारे ६८ टक्के प्रवाशांनी जागा दिली किंवा सरकून करून दिली. जागा मागितली जाणार असल्याची कुणकुण ज्या प्रवाशांना आधी लागू दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले, म्हणजे नकाराची तयारी करायला थोडा वेळ मिळाला की भीड मोडणे जमते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते मिलग्रम यांनी स्वतःबद्दल सांगितलेले. ते स्वतः जागा मागायला गेले तेव्हा शब्द घशातच अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपल्या मागणीला काही कारण होते असे दिसावे, ही गरज इतकी तीव्र झाली की त्यांची मान आपोआप खाली गेली; ते नाटक नव्हते, जीव जातोय असेच त्यांना वाटत होते. मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची अशा दोन्ही अवस्थांना आपल्याकडे एकच शब्द आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस "जरा सरकता का?" म्हणतो, तेव्हा त्याला फारशी भीड वाटत नाही, कारण ती रोजच्या सवयीने चेपलेली असते. 'भीड चेपणे' हा प्रयोग म्हणूनच नेमका आहे : भीड एकदम नाहीशी होत नाही, वारंवार दाबून सपाट होते.

प्रतिसाद (वाशी) :
विवेचन पटले, एका मुद्द्याची भर घालतो. 'भीड भिकेची बहीण' या म्हणीमुळे भीड हा निव्वळ दुबळेपणा ठरतो, पण 'मोठ्यांची भीड ठेवणे' यात आदर आहे आणि 'भीडमुर्वत' या जोडशब्दातही समोरच्याचा मान राखणेच आहे.

प्रश्नकर्ती (ऐरोली) :
दोघांचेही मनापासून आभार. मग 'निर्भीड' आणि 'निर्भय' हे समानार्थी मानावेत का?

उत्तर (नौपाडा, ठाणे) :
सर्रास तसे वापरले जातात, पण मी ते वेगळे ठेवीन. अंधारात एकटा जाणारा निर्भय असतो. आपल्याच स्नेह्याची चूक त्याच्या तोंडावर सांगणारा निर्भीड असतो, मग आतून तो कितीही घाबरलेला असो.