केमिकल, सातवं सेमिस्टर: अपघाताच्या विश्लेषणात मुलं 'ऑपरेटरची चूक' लिहून थांबतात

प्रश्न (प्रोसेस_सेफ्टी_शिकवणारा):
60 मुलांची बॅच, सेफ्टीच्या विषयाला 12 तास. भोपाळची केस (1984 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीतून एमआयसी, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट, हा विषारी वायू गळला ती) वाचायला दिली की बहुतेक अहवाल दोन पानांत आटोपतात. आधी मृतांचे आकडे, मग 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा', शेवटी 'कामगारांना प्रशिक्षण द्यावे'. या मुलांना पुढे प्लांटमध्ये हॅझॉपच्या (प्रक्रियेत कुठे काय बिघडू शकतं ते गटाने पद्धतशीर तपासण्याच्या) बैठकीत बसायचंय. पुराव्यावरून निष्कर्षापर्यंत कसं जायचं, हे 12 तासांत शिकवता येईल का?

उत्तर 1 (टाकी_610):
सर, येईल, पण पूर्ण केस एकदम देऊ नका. पहिल्या दोन तासांत फक्त 2 डिसेंबर 1984 च्या रात्रीचे दाबाचे आकडे द्या. साधारण 10:20 ला एमआयसीच्या टाकीत 2 पीएसआय (दाबाचं एकक) होते. 11 च्या सुमाराला 10 आणि मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात 30. त्यानंतर काटा 55 च्या पट्टीबाहेर गेला. मुलांना हे आलेखावर काढायला लावा आणि विचारा, 11 वाजता कंट्रोल रूममध्ये बसलेल्याने धोका ओळखायला हवा होता का?

मुलं लगेच 'हो' म्हणतील. मग पुढची माहिती द्या. टाकीचा नेहमीचा दाब 2 ते 25 च्या दरम्यान असायचा आणि मधल्या वेळात पाळी बदलली होती. नव्या माणसाने 10 चा आकडा पाहिला. तो 2 वरून चढत आलाय हे त्याला माहीत नव्हतं. इथे 'हलगर्जीपणा' हा शब्द गळून पडतो आणि खरा प्रश्न पुढे येतो: पाळी बदलताना नुसता आकडा सांगायचा की त्याचा कलही?

दुसरा सराव पुराव्याची प्रत ठरवण्याचा. टाकीतल्या एमआयसीत पाणी शिरून दाब वाढला; ते पाणी कसं गेलं यावर दोन म्हणणी आहेत. 1985 च्या सरकारी वैज्ञानिक तपासाचा रोख पाइप धुण्याच्या पाण्याकडे होता. कंपनीच्या बाजूने 1988 मध्ये मांडलं गेलं की कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं. प्रत्येक विधानापुढे तीन गोष्टी लिहायला सांगा: कोणी म्हटलं, त्याने ते कशावरून म्हटलं, आणि तसं म्हणण्यात त्याचा काय फायदा. मग दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी वेगळ्या काढायच्या. पाणी आत गेलं हे दोघांनाही मान्य. रेफ्रिजरेशन महिनोन्‌महिने बंद होतं, स्क्रबर (वायू कॉस्टिकने धुऊन निकामी करणारं उपकरण) स्टँडबायवर होता, फ्लेअरकडे (वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीकडे) जाणाऱ्या पाइपचा तुकडा काढलेला होता, याबद्दलही वाद नाही. विश्लेषण याच पायावर उभं करायचं, म्हणजे पाणी कोणी सोडलं याचा निकाल लागेपर्यंत अडून राहावं लागत नाही.

उत्तर 2 (पीअँडआयडी_वाचक):
वरचं पटलं. त्यानंतर चार तास हॅझॉपला द्या. पाच-सहा जणांचा गट करा: एक लीडर, एक लिहिणारा, बाकीचे प्रोसेस, इन्स्ट्रुमेंट आणि ऑपरेशनच्या बाजूने बोलणारे. नोड (एका वेळी तपासायचा प्लांटचा भाग) एकच ठेवा: साठवण टाकी, तिची नायट्रोजन लाइन, थंड करण्याचं सर्किट आणि व्हेंट. आठ-दहा डेव्हिएशनना (ठरलेल्या स्थितीपासून होऊ शकणाऱ्या फरकांना) नवख्या गटाला दीड तास लागतो. घाई केलीत तर कॉपी-पेस्ट सुरू होतं.

मुलं हमखास चुकतात ती जागा म्हणजे गाइड वर्ड, डेव्हिएशन शोधायला वापरायचे ठरावीक शब्द. फ्लो, तापमान, दाब यांना 'जास्त', 'कमी', 'नाही' लावून मोकळी होतात. 'उलट' आणि 'सोबत आणखी काहीतरी' हे दोन शब्द राहून जातात. भोपाळला नेमकं तेच झालं, एमआयसीच्या सोबत पाणी आलं. या दोन ओळी कोऱ्या असतील तर शीट परत करा.

दुसरी चूक 'सेफगार्ड'च्या रकान्यात होते. मुलं ठोकून लिहितात, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप) आहे. त्या रात्री व्हॉल्व्ह उघडला आणि टाकी फुटली नाही. गॅस मात्र वस्तीत गेला. म्हणजे हा व्हॉल्व्ह 'टाकी फुटणे' या परिणामापुढे सेफगार्ड ठरतो. 'विषारी वायू बाहेर जाणे' यापुढे तो, पुढचा स्क्रबर आणि फ्लेअर चालू नसतील तर, ठरत नाही. प्रत्येक सेफगार्डपुढे 'कोणत्या परिणामाविरुद्ध?' असा रकाना जोडून घ्या.

मग लोपाचं (संरक्षणाचे थर मोजून अपघात किती वेळा होईल ते काढण्याच्या पद्धतीचं) एक छोटं गणित. सुरुवातीची घटना वर्षाला 0.1, कंट्रोल लूप (आपोआप नियंत्रण करणारी यंत्रणा) निकामी ठरण्याची शक्यता 0.1, ऑपरेटरला सावध करणारा अलार्म निकामी ठरण्याचीही 0.1. गुणाकार 0.001. आता सांगा की लूप आणि अलार्म एकाच ट्रान्समीटरवर (मोजलेला आकडा पाठवणाऱ्या उपकरणावर) आहेत. तो बिघडला की दोन्ही एकदम जातात, म्हणून श्रेय एकदाच मिळतं आणि उत्तर 0.01 होतं, दहापट वाईट. स्वतंत्र असणं म्हणजे काय, ते या एका उदाहरणात पक्कं बसतं.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आणि शिफारशी? 'प्रशिक्षण द्यावे' कसं थांबवू?

उत्तर 3 (टाकी_610):
त्या वाक्याला सरळ शून्य गुण द्या, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. शिफारशीत चार गोष्टी हव्यात: कोणी, कोणत्या टॅग नंबरच्या (प्लांटमधल्या ओळख क्रमांकाच्या) उपकरणावर, कधीपर्यंत, आणि काम झाल्याचं कशावरून तपासायचं. 'स्क्रबर नीट ठेवावा' हे चालणार नाही. 'टाकीत माल असताना स्क्रबरचा कॉस्टिक पंप सुरूच राहील; बंद करायचा तर प्लांट हेडची लेखी परवानगी; पाळीच्या लॉगमध्ये दर दोन तासांनी फ्लोची नोंद' असं लिहिलं तर पाळता येतं आणि तपासताही येतं.

क्रमही ठरवून द्या. पहिली शिफारस साठा कमी करण्याची हवी. एमआयसी हा कार्बारिल हे कीटकनाशक बनवतानाचा मधला पदार्थ. त्या टाकीत तो सुमारे 40 टन होता. विकायचा माल कार्बारिल, तर मधल्या पदार्थाचा एवढा साठा कशाला, हा प्रश्न अलार्म आणि ट्रेनिंगच्या आधी येतो. 40 पैकी 15 गुण स्रोतांसह घटनाक्रमाला, 15 हॅझॉप शीटला, 10 शिफारशींना ठेवा.

उरलेला वेळ तोंडी परीक्षेला. गटातल्या कोणालाही शीटची एक ओळ दाखवायची आणि विचारायचं, हा सेफगार्ड आज बंद असेल तर प्लांटमध्ये ते पहिल्यांदा कोणाला कळेल, आणि कसं?