मदत हवी आहे: मुलगा मिशनरी व्हायचं म्हणतोय, तयारी कशी करून घ्यावी?

आम्ही वसईचे. धाकटा यंदा बारावीला आहे आणि येशूसंघात (जेझुइट धर्मगुरूंच्या संघात) जाऊन मिशनवर काम करायचं त्याचं पक्कं ठरलंय. आम्हाला आनंदच आहे. १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया आपल्याच वसईचे, इथल्या आईबापांनी अडवायचं तरी कसं! पण आधी २ वर्षं नॉव्हिशिएट (संघातला सुरुवातीचा उमेदवारीचा काळ), मग तत्त्वज्ञान, मध्ये प्रत्यक्ष सेवाकार्य, पुढे ईशज्ञान (धर्मशास्त्र). गुरुदीक्षेपर्यंत, म्हणजे धर्मगुरू होईपर्यंत, दहा-बारा वर्षं सहज जातात. तेवढा दम त्याच्यात यावा एवढीच काळजी आहे.

संध्याकाळची जपमाळ, रविवारची मिस्सा कधी चुकत नाही. पण ताटात मासळी नसेल तर त्याला जेवण जात नाही, अंथरुणाची घडी अजून मीच घालते. उद्या एखाद्या आदिवासी पाड्यावर नाचणीची भाकरी नि चटणीवर राहावं लागलं तर?

ज्यांची मुलं धर्मगुरू किंवा मुली धर्मभगिनी झाल्या आहेत त्यांनी कृपया सांगावं. पदवी आधी पूर्ण करू द्यावी का? सुट्टीत एखाद्या मिशन केंद्रात राहायला पाठवता येतं का, आणि विचारणा कुणाकडे करायची? मध्येच परत यावंसं वाटलं तर घराचं दार उघडंच आहे, हे त्याचा उत्साह न मोडता कसं सांगायचं?